लॉगकाका

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत त्याची कंपनी आणि पुण्यातला फ्लॅट कळतो. लॉगकाकांचं तसं नाही. क्विन्सिगामंड तळ्याकाठी फिरताना गाठ पडली तरी ते आधी विचारतात, "काय रे, तुझी डिस्क किती टक्क्यांवर आलीय?" खरं नाव आता पासपोर्टापुरतंच उरलंय.

यंदा गणपतीच्या नावनोंदणीच्या ऐन दिवशी मराठी मंडळाची साइट झोपली. डिस्क १०० टक्के भरलेली. आमच्यातल्या एका हुशार पोरानं भलीमोठी ॲक्सेस लॉग उडवून टाकली. तरी डिस्क १०० टक्केच! पोरगं रडकुंडीला आलं. काकांना बोलावणं गेलं.

काका आले, चपला काढल्या, चहा मागितला आणि मगच कीबोर्डाला हात लावून जागा मोजणाऱ्या दोन कमांड चालवल्या. "डीएफ म्हणतं भरलंय, डीयू म्हणतं जागा आहे. दोघंही खरं बोलतायत," ते खुशीत म्हणाले. "फाइलचं फक्त नाव गेलं. अपॅची वेब सर्व्हरनं ती उघडीच धरून ठेवलीय. तो सोडत नाही तोवर जागा सुटायची नाही." त्यांनी उघड्या फाइलींची यादी देणारं एलएसओएफ चालवलं. फाइलीपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं. मग अपॅचीला ग्रेसफुल रीस्टार्ट दिला. हातातली कामं उरकून त्यानं ती फाइल सोडली आणि साइट उठून बसली.

पण एवढ्यावर जातील ते काका कसले! लॉगरोटेट नावाच्या प्रोग्रॅमनं वेळच्या वेळी जुनी लॉग बाजूला सारायची, नवी उघडायची, ४ जुन्या ठेवून पाचवी फेकायची, असं ठरलेलं. मग तो गप्प का? शोध लागला. कुणीतरी त्याच्या कॉन्फिग फाइलीवर सगळ्यांनाच लिहायची मुभा देऊन ठेवली होती. असली फाइल लॉगरोटेट वाचतच नाही. "बरोबर आहे त्याचं!" काका म्हणाले. परवानग्या सुधारल्या. "आता आधी डॅश-डी लावून बघ. काय काय करणार ते सगळं सांगतं, करत मात्र काही नाही."

"म्हणजे यांच्यासारखंच," चहा ठेवता ठेवता काकू म्हणाल्या.

काकांचं एक गाऱ्हाणं फार जुनं आहे. कुठल्याशा कोजागिरीला त्यांचं गाणं ऐन रंगात असताना तेव्हाच्या अध्यक्षांनी माइक काढून घेतला होता. "ते मी केव्हाच विसरलो," असं काका स्वतःहून, कुणी विचारलेलं नसताना, तारीखवार सांगतात. काकूंचं निदान पक्कं आहे : "नाव पुसलंय, फाइल उघडीच आहे."

म्हणून त्या दर दिवाळीला त्या गृहस्थांना फराळाला बोलावतात. काका अर्धा तास धुमसतात, मग कोपऱ्यातून हवामानावर बोलतात आणि शेवटी स्वतःच्या हातानं चकलीचं ताट पुढे करतात. त्या संध्याकाळपुरती जागा मोकळी होते. पुढच्या दिवाळीपर्यंत ती पुन्हा भरणार, हे काकूंना ठाऊक असतं; आमंत्रण त्या दरवर्षी वेळेवर पाठवतात.