कंबर नेमकी कुठे असते

आमच्या घराण्यात जाड कोणी नाही. लग्नं जमवताना गोत्राच्या खालोखाल हीच माहिती अभिमानाने दिली जायची. काका, आत्या, चुलत-मावस भावंडं, सगळे हातापायांनी काटकुळे. जुने फोटो काढून बसलं की मात्र एक गोष्ट लक्षात येते: पुरुषमंडळींचे सगळे फोटो समोरून काढलेले आहेत. एका मुंजीत फोटोग्राफरने घाईघाईत सगळ्यांना बाजूने टिपलं. तो फोटो अल्बममध्ये लावलेला नाही.

या परंपरेला जागून मी लग्नात ३४ कंबरेची पँट घातली होती आणि आजही ३४ चीच घालतो. बरोबरीच्या लोकांत हे वाक्य टाकलं की क्षणभर कोणी काही बोलत नाही. ते आदरापोटी, असं माझं मत. बायकोचं मत वेगळं आहे, पण ती ते बोलून दाखवत नाही. नुसती पट्ट्याच्या बक्कलाकडे बघते. शेवटी आमच्या शिंप्याने वही उघडून तिच्या बघण्याचा अर्थ लावून दिला.

"साहेब, कंबर ३४ च आहे. पण लांबी बघा. आधी ४१, मग ४०, आता ३९."

"माझी उंची कमी होतेय की काय?"

"उंची कशाला कमी होईल? पँट सुरू होते ती जागा खाली आलीय."

शिंप्याचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही, कारण शिंप्याच्या मापांना वैद्यकशास्त्रात मान आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या बस आणि ट्रामवरच्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तिथल्या बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणार. एकाच डेपोतली, एकाच थरातली माणसं. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी, झालाच तर उशिरा, आणि तोही सौम्य. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांनी दाखवून देणारं हे पहिलं मोठं काम. आपल्याकडे मुंबईत बेस्टच्या दुमजली बसगाड्यांत हे सहज जमलं असतं, पण त्या गर्दीत कंडक्टर वर गेला तर खाली येईल याची खात्री कोणी द्यायची?

मला मात्र जास्त आवडतो तो मॉरिस मंडळींचा १९५६ चा लेख. त्यात त्यांनी काय केलं, तर या लोकांच्या गणवेशांची मापं काढली. ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी निघाली, आणि ती तरुण वयापासूनच मोठी. मग पंचाईत झाली. बसून बसून पोट येतं, की पोट असलेलाच बसायची नोकरी धरतो? म्हणजे ज्या निष्कर्षाने नाव झालं त्यालाच या माणसाने पँटच्या मापाने टाचणी लावली, आणि मग पुढची कित्येक वर्षं सरकारी कारकुनांच्या मागे लागून खरं काय ते शोधत बसला. आमच्याकडे निष्कर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि शंका घेणाऱ्याला ग्रुपमधून काढतात. मॉरिस ९९ वर्षं जगले.

डॉक्टर लोक कंबर मोजतात ती वेगळ्याच ठिकाणी. पट्टा बांधतो तिथे नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप आडवी धरून, श्वास सोडून. भारतीय पुरुषाला मर्यादा ९० सेंटिमीटर, बाईला ८०. नव्वद म्हणजे जवळजवळ साडेपस्तीस इंच, म्हणजे माझ्याकडे दीड इंच शिल्लक, असा हिशेब मनात मांडून मी कन्येसमोर ताठ उभा राहिलो.

"बाबा, श्वास सोडा."

"सोडलाय."

"सगळा सोडा. आणि आत ओढलेलं पोटही सोडा."

टेपने जो आकडा दाखवला तो इथे देत नाही. लेखाला शब्दमर्यादा आहे.

वजनाच्या काट्यावर माझं काही वाकडं नव्हतं. उंचीच्या मानाने वजन बेताचं, बीएमआय शहाण्यासारखा. मग हे पोट कोणाच्या हिशेबात होतं? उत्तर पुण्यातच निघालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये शेजारीशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांची आडनावं इंग्रजीत वायने सुरू होतात, म्हणून याला वाय-वाय विरोधाभास म्हणतात. पुण्यात राहून एखाद्याने स्वतःच्या चरबीचा आकडा दशांशासकट जगजाहीर करावा, हे मला धाडसाचं वाटतं. इथे लोक घराचं क्षेत्रफळ विचारलं तरी विषय बदलतात.

तर आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून गुबगुबीत. याचं मूळ याज्ञिकांना फार मागे सापडलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांवर त्यांनी अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. इतकं छोटं बाळ. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जवळजवळ जशीच्या तशी राखलेली. शेतात राबायचं, पाणी वाहायचं, आणि ताटात पोटाला पुरेल इतकं नाही, अशा आयांची ही बाळं. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं वजनाने बरी. बाळाने पुढच्या दुष्काळाची तरतूद पोटातच करून ठेवावी आणि मोठं झाल्यावर त्याला भेटावा वडापाव, यात दोष कोणाचा काढणार?

मी काढला. त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं की माझ्या पोटाला मी जबाबदार नाही, हा गर्भातला विषय आहे, आणि त्याला 'लॅन्सेट'चा आधार आहे. आई पलीकडे ताक पीत होती. तिला कमी ऐकू येतं, पण सोयीने.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तसं नाही गं आई, एकूणच आपल्या लोकांचं..."

"तुझ्या वेळी मी नऊ महिने दूध, पालेभाजी, फळं सगळं खाल्लंय. जन्मलास तेव्हा चांगला सव्वातीन किलो होतास. हे पोट वडिलोपार्जित नाही. स्वकष्टार्जित आहे तुझं."

यानंतर आमचे मेहुणे मदतीला धावले. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे आणि १०,००० झाल्याशिवाय ते झोपत नाहीत. रात्री पावणेबाराला वरच्या मजल्यावरून जो आवाज येतो तो त्यांच्या शेवटच्या आठशे पावलांचा. त्यांना मी सांगितलं की हा आकडा कुठल्या मोठ्या अभ्यासातून निघालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात चालण्याची हवा आली, आणि १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, जाहिरातीत बरा दिसत होता, आणि तोच साठ वर्षं जगाच्या मानगुटीवर बसला. २०२५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात रोज २,००० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ७,००० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४७ टक्के कमी दिसलं, आणि त्यापुढे फायदा होतो पण हळूहळू. मेहुण्यांना आनंद व्हायला हवा होता, रोजची तीन हजार पावलं माफ झाली होती. पण ते खिन्न झाले. "मग मी आत्तापर्यंत जास्तीची चाललो ती?" ही पावलं पुढच्या वर्षात जमा धरता येतील का, हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

मला स्वतःला चालण्याच्या गटांचं वावडं नाही. आमच्या सोसायटीतला गट पहाटे टेकडीवर जातो आणि उतरताना मिसळीपाशी थांबतो. चढताना कमावलेलं सगळं तिथे तर्रीसकट परत केलं जातं. २०२३ मध्ये देशभरच्या मोठ्या पाहणीत बीएमआयने जाड ठरणारे २८.६ टक्के आणि पोटाने जाड ठरणारे ३९.५ टक्के निघाले, तेव्हा मधली दहा-अकरा टक्के माणसं कुठे असतील हे मला लगेच कळलं. ती जादा पाव मागत होती.

आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २०२२ मध्येच सांगितलं होतं की सलग बसून राहण्यापेक्षा मधूनमधून उठून दोन ते पाच मिनिटं सावकाश चाललं तरी जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते. ही बातमी वाचली मात्र, आमच्या आत्याचा फोन आला. "शतपावली! आम्ही काय निराळं सांगत होतो?" आत्याचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि तिचं म्हणणं या एका बाबतीत खरंही होतं. हीच आत्या बीपी वाढलं की आधी मीठ-मोहरीने दृष्ट काढते आणि मग गोळी घेते. तिची बाकीची मतं लिमरिकला कळवलेली नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे रात्री जेवणं झाली की शतपावली असते. फ्लॅटमध्ये चालायला एकच सलग मार्ग आहे, बाल्कनीपासून हॉलमधून थेट स्वयंपाकघराच्या टोकापर्यंत. त्या टोकाला बेसनाच्या लाडवांचा डबा असायचा. प्रत्येक फेरीला वळताना हात आपोआप तिकडे जाई, आणि पाच मिनिटांच्या चालण्याने साखर कमी उसळायच्या ऐवजी निराळंच काही होऊ लागलं. बायकोने तो डबा माळ्यावर टाकला. आता लाडू हवा तर स्टूल आणून त्यावर चढावं लागतं.

"अहो, चढा ना," ती म्हणते. "चढण्याने हृदयाला फायदाच होतो. लंडनला सिद्ध झालंय."

मी चढतो. खालून आईचा आवाज येतो, "चढलाच आहेस तर मलाही एक काढ. आणि मोठा बघून काढ, हे लहान लाडू वर चढून घेण्यासारखे नाहीत."