दर्यापूरचा पोट्टा लिव्हरपूलला काऊन नाही?

एस्टोनिया या देशात माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या अकोला जिल्ह्यात 18 लाख होती, अमरावतीत 28 लाखांवर. त्या देशातलं विल्यांडी गाव तर आपल्या दर्यापूरच्या निम्मंच. तिथे 1985 साली राग्नार क्लावान जन्मला. फुटबॉलमध्ये डिफेन्सला खेळणारा. हॉलंडमध्ये हेराक्लेस आणि आल्कमार, जर्मनीत आउग्सबुर्ग, आणि तिशीत पोचल्यावर 2016 ला थेट लिव्हरपूल! 1 जानेवारी 2018 ला बर्नलीविरुद्ध 94 व्या मिनिटाला त्यानेच विजयी गोल केला. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा तो पहिला एस्टोनियन. देशासाठी 120 च्या वर सामने खेळला.

मग आपला पोट्टा काऊन नाही?

पोट्ट्यांत दम नाही, हे कुणी मला सांगू नये. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून टी-ट्वेंटी खेळला; 2025 ला आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरूच्या संघात होता. विदर्भाने रणजी करंडक तीनदा उचलला, त्यात अकोल्याचीही पोरं होती. जिल्ह्यातून विदर्भ, विदर्भातून देश, अशी शिडी क्रिकेटने उभी केली आणि पोरं चढली. खेळाची रग इथे जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 ला त्याचा चमू बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळ दाखवून आला.

फुटबॉलमध्ये शिडीची पहिलीच पायरी मोडकी आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो मागे खेळणारा. फॉरवर्डचं एका गोलाने नाव होतं. स्टॉपर मात्र सामन्यांवर पिकतो. कधी पुढे धावायचं, कधी थांबायचं, ऑफसाइडची रेषा चौघांनी एकत्र कशी धरायची, हे शंभर सामन्यांत अंगी मुरतं. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक हरलं की गाशा गुंडाळा, पुढच्या वर्षी या. वर्षाला दोन-तीन सामने खेळून डिफेंडर होत नाही, होणारही नाही.

मुंबईत वाढलेल्या राहुल भेकेचंच बघा. मुंबईत त्याला क्लब मिळाले, लीग मिळाली. म्हणूनच 2019 च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत हेडर मारून त्याने बंगळुरूला करंडक मिळवून दिला, आणि त्याच वर्षी, वयाच्या 28 व्या वर्षी, तो भारताकडून उतरला. क्लावानसारखाच उशिरा पिकलेला डिफेंडर. इतकी वर्षं त्याला सामने मिळत राहिले, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि पावसाळ्यात काळी माती बुटाला शेरभर चिकटते, हे कबूल. पण एस्टोनियात हिवाळाभर बर्फ असतं. त्यांनी छताखाली मैदानं बांधली आणि मोठी लीग मार्च ते नोव्हेंबर ठेवली. आपला मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

म्हणून मागणी एवढीच: दोन्ही जिल्ह्यांतले मिळून बारा संघ, सोळा वर्षांखालचे. दर रविवारी सकाळी सात वाजता सामना. हरणाऱ्यालाही पुढच्या रविवारी खेळायचंच आहे. बडनेरा ते अकोला रेल्वेने दीड तास, मधे मूर्तिजापूर. पोट्टे डबा घेऊन येतील. मैदान सहाला उघडा.