एकाचे नऊ

“चार्ट काढायला दोन सेकंद लागतात,” असं मोठे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले आणि माझे शनिवार गेले. त्यांचीही चूक नव्हती. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसानं त्यांच्यासमोर बटण दाबलं होतं आणि पडद्यावर हिरव्या रेषेभोवती ठिपके शिस्तीत उभे राहिले होते. पण त्याचे आकडे त्याच्या बॅगेतून तयार आले होते. माझे आकडे भोसरीच्या शेडमध्ये, ग्राइंडिंग मशीनशेजारच्या खिळ्याला, कूलंट पिऊन पिवळ्या पडलेल्या कागदांवर लटकत होते.

चार्ट हे प्रकरण आहे शंभर वर्षांपूर्वीचं. १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं आपल्या साहेबाला एक टिपण पाठवलं. त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता आणि सगळं मिळून एकच पान होतं. (आमच्याकडे पेनं मागवायचा अर्ज दोन पानी असतो.) पुढे १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या संस्थेच्या निमंत्रणावरून तो भारतातही येऊन गेला. आमची एमआयडीसी तेव्हा जन्मली नव्हती, नाहीतर मी त्याला थेट खिळ्यापाशी नेलं असतं.

पद्धत सरळ आहे. दर तासाला मशीनवर घासून निघालेल्या लागोपाठच्या पाच पिना मोजायच्या. त्यांची सरासरी काढायची, आणि मोठ्यातून छोटी वजा करून रेंज काढायची. असे पंचवीस गट झाले की रेंजच्या सरासरीला ०.५७७ नं गुणायचं. तेवढं मधल्या रेषेच्या वर आणि तेवढंच खाली गेलं की सरासरीच्या चार्टच्या लक्ष्मणरेषा तयार. एकशे पंचवीस आकडे. सॉफ्टवेअरला ते दोन सेकंद पुरतात, हे खरंच आहे. मला ते वाचायला तीन शनिवार लागले.

पहिल्या शनिवारी कळलं की आमच्या शीटवर आकड्यांखेरीज बरंच काही असतं. काही चौकटींत ‘ओके’ लिहिलेलं. काहींत वरच्यासारखंच अशा अर्थाच्या दोन रेघा. एकात चहाच्या कपाचा गोल, आणि तो इतका नीट मध्यावर की मी आधी शून्य समजलो. सॉफ्टवेअरचा स्वभाव असा की रकान्यात एक ‘ओके’ दिसला की सगळा रकानाच अक्षरांचा ठरवायचा आणि चार्ट काढायला साफ नकार द्यायचा. एका सडक्या आंब्यापायी पेटी परत. त्यात आमच्या मशीनचा नंबर ३-५. स्प्रेडशीटनं त्याची तारीख केली आणि आमच्या शेडमध्ये ‘३ मे’ नावाचं मशीन चालू लागलं. यात मी एकटा नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या अशाच तारखा करतं म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली. आमच्या मशीनचं नाव बदलायला स्टोअर्स, मेंटेनन्स आणि अकाउंट्स अशा तिघांच्या सह्या लागतात.

मग रिकाम्या चौकटी. मंगळवारी अकरा ते बारा लाइट नव्हती, म्हणून रीडिंगही नव्हतं. मी तिथे शून्य भरलं. आमच्याकडे डायलवर मोजतात आणि ठरलेल्या मापाच्या मास्टरपेक्षा किती मायक्रॉन कमी-जास्त तेवढंच लिहितात. म्हणजे शून्य म्हणजे तंतोतंत माप! त्या तासाची सरासरी शून्य, रेंजही शून्य. आठवड्यातल्या सगळ्यात अचूक पिना बंद मशीननं काढल्या होत्या.

घरी हे सांगितल्यावर बायकोनं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. “दूधवाला आला नाही त्या दिवशी मी शून्य लिटर लिहिते का? खाडा लिहिते.” शून्य वेगळं आणि खाडा वेगळा, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्येही खाड्यासाठी स्वतंत्र खूण असते, हे मी सोमवारी मॅन्युअलमध्ये पाहिलं.

दुसऱ्या शनिवारची चूक जास्त देखणी होती. शीटवर एका तासाच्या पाच पिना आडव्या लिहिलेल्या असतात. सॉफ्टवेअरला सगळे आकडे एका उभ्या रकान्यात हवे होते. मी पाच रकाने एकाखाली एक चिकटवले आणि गट पाचाचा म्हणून सांगितलं. म्हणजे सख्खी भावंडं पाच घरांत वाटली आणि पाच वेगवेगळ्या तासांची पहिली पिन एका खोलीत कोंबली. ग्राइंडिंगचा दगड झिजतो तशी पिन तासागणिक जाड होत जाते, दगडाचं ड्रेसिंग केलं की परत ताळ्यावर येते. तो सगळा फरक माझ्या गटांच्या पोटात गेला. रेंज फुगली, रेषा एकमेकींपासून द्रुतगती मार्गाएवढ्या लांब गेल्या आणि ठिपके मधल्या रेषेला प्रार्थनेच्या रांगेसारखे चिकटले. मोठ्या साहेबांनी चार्टची रंगीत प्रिंट काढून फ्रेम केली. पुढच्या आठवड्यात कस्टमरचा ऑडिटर त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “इतकं छान कसं काय?” आमच्या धंद्यात याहून वाईट प्रश्न नाही.

तिसऱ्या शनिवारी आकडे उभे-आडवे नीट लावले आणि चार्ट पेटला. पहिल्या शिफ्टचे ठिपके रेषेबाहेर. टॉलरन्स अधिक-उणे आठ मायक्रॉन आणि कागदावर नऊ, नऊ, आठ, नऊ. लॉट अडवला. दगड बदलला, कूलंट बदललं, मास्टर तपासायला पाठवला. पहिल्या शिफ्टला मामा असतात. तीस वर्षं याच मशीनवर, हातानं पिन चाचपून माप सांगणारे. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

“मामा, हे नऊ कसे आले?”

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “साहेब, नऊ कुठंय? एक हाय त्यो.”

मामा मराठी आकडे लिहितात. दुसऱ्या शिफ्टचा आयटीआयवाला पोरगा इंग्रजी लिहितो, आणि मी त्याचे कागद आधी भरल्यामुळे डोळा इंग्रजीवर बसलेला. मराठी एक इंग्रजी नवासारखा, मराठी चार इंग्रजी आठासारखा. मामांचं काम जरा कच्चं असतं तर एखादा ६ किंवा ८ आला असता आणि माझी ट्यूब पेटली असती. पण त्यांचं मशीन चाराच्या पुढे जातच नाही, आणि ०, २, ३ दोन्हीकडे सारखेच दिसतात. माणूस चांगलं काम करतो म्हणून त्याचा माल रिजेक्ट झाला, असं हे एकमेव प्रकरण असावं. आणि मी सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

आता प्रत्येक शीटच्या डोक्यावर छापलं आहे: ‘आकडे फक्त इंग्रजीत लिहावेत. रिकाम्या चौकटीत खाडा लिहावा. कप ठेवू नये.’ खाली प्रत्येक ऑपरेटरची पोच घेतली आहे. मामांनी ‘वाचले, समजले’ लिहून सही केली आणि तारीख घातली, १/४. फाइलला ती नऊ ऑगस्ट म्हणून लागली आहे.