पन्नास हजारी

दादर स्टेशनबाहेर परवा एक पॉवर बँक हातात घेतली. खोक्यावर ठळक अक्षरांत ५०,००० एमएएच, किंमत ४९९ रुपये आणि वजन उकडलेल्या दोन अंड्यांएवढं! खरी २०,००० ची बँकसुद्धा तीन-चारशे ग्रॅम भरते. विक्रेत्याचा आत्मविश्वास मात्र फुल चार्ज होता.

नामांकित कंपनीची घेतली तरी 'वीस हजार' म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला पगार. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा. फोनकडे वीज निघते ती साधारण ५ व्होल्टने. त्या रूपांतरात आणि उष्णतेत कापलं जाऊन हातात पडतात बारा-तेरा हजार. ही कबुली मागच्या बाजूला 'रेटेड कपॅसिटी' या नावाने छापलेली असते. इतकी बारीक, की वाचायला मोबाइलचा टॉर्च लागावा. आणि मोबाइल तर बंद पडलेला.

टॅबवाल्यांनी वॅटही बघावेत. दहा वॅटच्या पोर्टवर मोठा टॅब लावणं म्हणजे चमच्याने हौद भरणं.

विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बँक चालते, तीही जवळच्या बॅगेत. वीस हजारी ७४ भरते. दादरची ती पन्नास हजारी १८५! म्हणजे खोक्यावरचं खरं असेल तर विमानात चढू देणार नाहीत, आणि खोटं असेल तर घ्यायची कशाला?

मी ती परत ठेवली. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आधी खोकं उलटं करा, आणि हो, चष्मा विसरू नका.