टोपीशब्द

इंग्रजीतल्या 'अ', 'ॲन' आणि 'द' यांना आपण उपपदं म्हणतो. चिनी लोक त्यांना 'ग्वान-त्स' म्हणतात. 'ग्वान' म्हणजे डोक्यावरची टोपी किंवा मुकुट, आणि 'त्स' म्हणजे शब्द. थोडक्यात, टोपीशब्द. हे कळलं तेव्हा मी एकटाच खो खो हसलो. 'टोपी घालणे' म्हणजे मराठीत काय, हे त्या घरात कुणाला आणि कसं सांगणार?

घर होतं झेंगझोऊमधलं, माझ्या बरोबर वरच्या मजल्यावरचं. नोकरीपायी मी तिथे दोन वर्षं काढली. वरची मुलगी 'गावखाव'च्या, म्हणजे तिकडच्या बारावीनंतरच्या महापरीक्षेच्या, अभ्यासात बुडालेली होती. परदेशी माणसाला इंग्रजी येतंच असा त्या घराचा समज होता, आणि तो मोडण्याइतका प्रामाणिक मी नाही. पहिल्या रविवारी बेल वाजवली तर दार आजीनं उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत तोंड करून ओरडली, "लाय ख-रन ल!" एवढ्यावरून मला इतकंच कळलं, की माझ्याविषयी काहीतरी जाहीर झालंय. वडिलांच्या आईला चिनीत 'नायनाय' म्हणतात. ही नायनाय मात्र कधी कशाला नाही म्हणाली नाही.

परीक्षेत एक उतारा असायचा. त्यात दहा चुका मुद्दाम पेरलेल्या, त्या हुडकून सुधारायच्या. शब्द राहिला असेल तिथे ओळीखाली उलट्या 'व्ही'सारखी खूण करायची, आपलं काकपदच ते. मुलीची वही उघडली तर पानोपान कावळे नाचून गेलेले, आणि निम्म्याहून अधिक पावलांखाली 'द' नाहीतर 'अ'.

नियम तिला घडाघडा यायचे. वाद्याआधी 'द' घालायचा, चेंडूच्या खेळाआधी नाही. पियानोला टोपी, फुटबॉल बोडका. का? माझ्या मास्तरांनी या प्रश्नाला "पाठ करा" असं उत्तर दिलं होतं, मीही तेच दिलं. 'इन हॉस्पिटल' असेल तो आजारी, 'इन द हॉस्पिटल' असेल तो डबा घेऊन भेटायला आलेला, असं तिचं पुस्तक सांगे. अमेरिकन रोगी टोपी घालूनच खाटेवर पडतो, हे मी तिला सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर आलेली. 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे अशक्य, आणि मधला 'द' काढला की 'निःसंशय', अशीही एक जोडी होती. यातलं दुसरं रूप मी आजवर कुठल्याही इंग्रजाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते बहुधा चिनी शाळांनीच जिवापाड सांभाळलं असावं.

एकदा ती वैतागून म्हणाली, "या लोकांना सरळ 'पुस्तक' का म्हणता येत नाही?" मी मान डोलावली. माझ्याही भाषेत हे झंझट नाही.

पण अशी तक्रार चिनी माणसानं करावी? शिकवणी संपली की नायनाय मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. मोठ्या वाडग्यात मटणाच्या रश्शातल्या रुंद शेवया आणि शेजारी कच्चा लसूण. शेवयांचा एक घास, लसणीचा एक चावा. त्या लसणीवरून मला कळलं, की चिनीत नुसतं 'एक लसूण' म्हणून भागत नाही. अख्खा गड्डा असेल तर 'एक डोकं लसूण', आणि तेच डोकं गाय मोजतानाही वापरायचं. सुटी असेल तर 'एक बान'. बान म्हणजे पाकळी, फुलाची असते तीच. लसणीची पाकळी! माझा चावा तसाच हातात राहिला. मासा, वाट आणि विजार या तिन्हींना 'थ्याव' लागतो, कारण तिन्ही लांबुळक्या. कागद, टेबल, तिकीट यांना 'जांग'. सुरी नि छत्रीला 'बा', कारण त्या मुठीत धरायच्या. वस्तूचा आकार पाहिल्याशिवाय जे लोक ती मोजत नाहीत, त्यांना एका 'अ'साठी निष्काळजी ठरवायचं म्हणजे अन्यायच.

खरी अडचण वेगळीच आहे. 'अ' की 'द' याचं उत्तर वस्तूत नसतंच, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतं. त्याला ठाऊक असलेली वस्तू असेल तर 'द', नवी असेल तर 'अ'. म्हणजे दर वाक्याला समोरच्याच्या मनात डोकावायचं, तेही दोन तासांच्या पेपरात. आपणही डोकावतो, पण टोपीविना. "फोन आला होता" वेगळं आणि "तो फोन आला" वेगळं. दुसरं ऐकलं की घरातले सगळे हातातलं काम टाकून बाहेर येतात.

"मग तुम्ही हे कसं सांगता?" मी विचारलं. ती म्हणाली, "जागा बदलून. 'आले पाहुणे' म्हटलं तर कोणीतरी अचानक टपकलेत. 'पाहुणे आले' म्हटलं तर ज्यांची वाट पाहत होतो तेच." आणि तिनं दोन्ही वाक्यं चिनीत म्हणून दाखवली. पहिलं मी कुठंतरी ऐकलं होतं.

सराव परीक्षेत एका 'अ'पायी गुण गेला म्हणून ती हिरमुसली, तेव्हा मी तिला नील आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगितली. 1969 च्या जुलैत चंद्रावर उतरताना त्याला 'एका माणसाचं' लहान पाऊल म्हणायचं होतं. पण जगानं ऐकलं त्यात 'अ' नव्हताच, आणि एका माणसाच्या जागी अख्खी मानवजात आली. आपण तो म्हणालो होतो, असं तो पुढे सांगत राहिला. मुलीनं गोष्ट नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "त्याचे किती गुण कापले?"

मे महिन्यातला एक रविवार. परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर. मी बेल वाजवली. आतून चपलांची फरफर ऐकू आली, आणि दार उघडायच्या आधीच नायनायचा आवाज: "ख-रन लाय ल!"

टेबलावर वाडगा होता, आणि बशीत एक डोकं लसूण.