क्षेपणास्त्र चालेल, उंदीर नाही

आमच्या डोंबिवलीच्या घराला क्षेपणास्त्रापासून संरक्षण आहे. थट्टा नाही, लेखी आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरून चाचणीसाठी सोडलेलं एखादं क्षेपणास्त्र वाट चुकलं, अख्खा देश ओलांडून खाडीवरून वळलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात शिरलं, तर विमा कंपनी पैसे मोजणार. ‘भारत गृह रक्षा’ नावाची ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. तिच्यातल्या संकटांच्या यादीत आग, स्फोट, भूकंप, वीज, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवाद अशी भारदस्त मंडळी बसली आहेत आणि त्यांच्याच पंगतीत क्षेपणास्त्र चाचणीलाही पाट मांडलेला आहे. विमान घरावर पडलं तरी भरपाई मिळते. मात्र ते पडायला हवं. आवाजापेक्षा जास्त वेगाने नुसतंच वरून गेलं आणि त्या दणक्याने काचा फुटल्या, तर नाही.

इतका कडेकोट बंदोबस्त असलेल्या या घरात गेल्या दिवाळीपासून एक उंदीर राहतो. त्याचं नाव यादीत नाही.

आमच्या सोसायटीतला विमा-एजंट गुणी मुलगा आहे. त्याला जिन्यात गाठून विचारलं, “उंदराचं काय?”

“काका, नुकसान अचानक झालं पाहिजे.”

“उंदीर अचानकच येतो की.”

“येतो अचानक, पण कुरतडतो हळूहळू. हळूहळू आपल्याकडे चालत नाही.”

विमा या विषयावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण त्यांचं सार या पोराने जिन्यातल्या दोन पायऱ्यांत सांगून टाकलं. आग, वीज, पूर ही संकटं वाजतगाजत येतात, त्यांना तारीख असते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो. झीज, गंज, बुरशी, कसर, किडे, उंदीर यांना यातलं काहीच नाही. घरगुती विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये ही सगळी नावं एकाच वाक्यात, एका दमात वगळलेली असतात. दाव्याच्या अर्जात प्रश्न असतो, नुकसान कोणत्या तारखेला आणि किती वाजता झालं? वाळवी लागलेल्या घराच्या मालकाने इथे काय लिहावं? ‘आजोबांच्या वेळेपासून, अहोरात्र’ असं लिहायला रकान्यात जागा पुरत नाही.

वाळवीचा अनुभव आम्हाला राजापूरकडच्या घराने दिला. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मधे माजघर, आणि या साम्राज्याची सूत्रं आत्याच्या हातात. एका मे महिन्यात माजघराच्या चौकटीला हात टेकवून मी आत्याशी बोलत होतो, तर हात कोपरापर्यंत चौकटीत गेला. चौकट म्हणून जे उभं होतं तो निव्वळ ऑइल पेंट होता. आतलं सागवान कधीच पोटात गेलं होतं, पण रंगाला धक्का नव्हता. खायचं सगळं, पण वरवर कुटुंब अखंड दिसलं पाहिजे, हा संस्कार वाळवीने आमच्याच भाऊबंदांत राहून उचलला असणार.

वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती माती आणि लाळ कालवून भिंतीवरून पेन्सिलीएवढ्या जाडीचे बंद रस्ते बांधते आणि त्यांतून जा-ये करते. मुंग्यांशी तिचं नातं नाही, ती झुरळांच्या गोतातली. लाकूड तिला थेट पचत नाही, त्यासाठी बऱ्याच जातींनी पोटात सूक्ष्मजीव सांभाळलेले असतात. म्हणजे खाणारा एक आणि पचवणारा दुसरा. गावातल्या रस्त्यांची कंत्राटं पाहिलेल्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही.

औषधवाला आला. त्याने भिंतीच्या कडेने ओळीने भोकं पाडली, त्यांत औषध भरलं आणि सिमेंट लावून बुजवली. हे सगळं मानकाप्रमाणे असतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे. वाळवीविरुद्ध आयएस ६३१३ नावाचं स्वतंत्र भारतीय मानक आहे, तेही भागांमध्ये. घर बांधण्यापूर्वी काय करायचं ते एका भागात, बांधून झाल्यावर काय करायचं ते दुसऱ्यात. मानकवाल्यांनी तिच्यासाठी भाग पाडले, विमावाल्यांनी तिला अर्ध्या ओळीत घराबाहेर काढलं. आत्याने मात्र दोन्ही खाती सांभाळली. त्याच श्रावणात नागपंचमीला तिने परसातल्या वारुळाला दूध-लाह्या वाहिल्या. मी म्हटलं, “अगं, हे वारूळ वाळवीचंच असतं. आत औषध आणि बाहेर नैवेद्य?” आत्या म्हणाली, “बाहेर आहेत तोवर पाहुणे. आत आले की बघायचं.”

माजघरातल्या लाकडी पेटीत माझ्या तरुणपणीच्या कादंबरीचं हस्तलिखित होतं. वाळवीने ते प्रस्तावनेपासून उपसंहारापर्यंत संपवलं, आणि संपादकांप्रमाणे साभार परतही केलं नाही. पॉलिसी चाळली, तर तिथे हस्तलिखितं मुळातच वगळलेली. वेगळी नोंद केलेली नसेल तर सोन्याच्या लगडी, न जडवलेली रत्नं, रोखे, नाणी आणि हस्तलिखितं यांची भरपाई मिळत नाही. माझ्या कादंबरीला हिऱ्यामाणकांच्या रांगेत बसवणारा आजवरचा एकमेव समीक्षक म्हणजे विमा कंपनीचा कायदा विभाग. मी ते पान दुमडून ठेवलं आहे.

उंदराकडे वळू. कायद्याने उंदराची दखल समुद्रावरही घेतली आहे. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या ५५व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की, पॉलिसीत वेगळं ठरलेलं नसेल तर उंदीर आणि तत्सम उपद्रवी जीव यांच्यामुळे थेट झालेल्या नुकसानीला विमा कंपनी जबाबदार नाही. हे कलम इंग्रजांच्या १९०६ च्या कायद्यातून आलं. पण गोम आहे त्या ‘थेट’मध्ये, आणि ती आधीच एका जहाजावर उघडी पडली होती. ब्रह्मदेशातल्या अक्याब बंदरात तांदूळ भरून एक जहाज युरोपकडे निघालं. वाटेत उंदरांनी जहाजातली एक नळी कुरतडली, भोकातून समुद्राचं पाणी आत आलं आणि तांदूळ नासला. तांदूळवाले म्हणाले, उंदरांनी नासवला. जहाजवाले म्हणाले, समुद्राने. भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १८८७ साली तिथल्या थोर न्यायमूर्तींनी गंभीरपणे विचार करून निकाल दिला, की हा समुद्रावरचा अपघात आहे. उंदीर सुटला, समुद्र अडकला. पोतं फाडून तांदूळ खाल्ला असता, तर उंदीरच अडकला असता.

हे वाचल्यापासून आमच्या उंदराकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. तो माझ्या पँटचा खिसा कुरतडतो, त्याचं काही मिळत नाही. बायकोची रेशमी साडी कुरतडतो, त्याचंही नाही. तेच जर त्याने मन लावून वायर कुरतडली, ठिणगी पडली आणि घराने पेट घेतला, तर ती आग. आग यादीत पहिली आहे! उंदराने महत्त्वाकांक्षा ठेवली पाहिजे. तिथेही एक मेख आहे, ज्या फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट झालं तो फ्रिज सोडून बाकीचं घर. हे मी गावच्या काकांना फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, “वाहनाची धडक बसली तर पैसे मिळतात ना? मग उंदीर वाहनच आहे. गणपतीला साक्षीला बोलव.”

काकांची जुनी आगीची पॉलिसी होती, २०२१ च्या आधीची. त्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत जनावरांना स्थान होतं. वाहनाने किंवा जनावराने घराला थेट धडक दिली तर नुकसान भरून मिळे, अट एवढीच की जनावर विमेदाराच्या किंवा घरात राहणाऱ्या कुणाच्या मालकीचं नसावं. शेजाऱ्याच्या बैलाने पडवी पाडली तर पैसे, स्वतःच्या बैलाने पाडली तर नशीब. सांगली-साताऱ्याकडे हे सुटसुटीत असेल. कोकणात बैल कुणाचा, हे ठरवायचं कुणी? आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की आमच्या अंगणातून जाणाऱ्या कुठल्याही जनावरात आमचा काही आणे हिस्सा निघावा. सर्व्हेयर आला असता तर आधी वाटणीचा दावा लागला असता आणि तोवर उरलेली पडवी आपणहून बसली असती. माकडांचा प्रश्न आणखी बिकट. माकडांची टोळी कौलांवरून धावत गेली की पावसाळ्यात घरात भांडी मांडावी लागतात. नव्या पॉलिसीत ‘बाहेरच्या वस्तूची धडक’ असं मोघम लिहिलेलं आहे आणि उदाहरणादाखल पडणारं झाड दिलं आहे. झाड पडलं तर हो. झाडावरून माकड पडलं तर? एजंटने या प्रश्नावर मोबाइल कानाला लावला. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्या भाचीकडे हा विषय पुष्कळ पुढे गेला आहे. तिथल्या प्रचलित घरविम्यात पक्षी, कीटक आणि कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी, यांनी केलेलं नुकसान वगळतात. तिच्या माळ्यावर रात्री खुडबुड सुरू झाली, तेव्हा तिचा नवरा बॅटरी घेऊन प्राणिशास्त्र करायला वर चढला. खार असेल तर कृंतक, म्हणजे खिशातून पैसे. रकून असेल तर तो कृंतक नाही, म्हणजे निदान भांडायला जागा. खार निघाली. सेतू बांधताना तिने केलेल्या मदतीची तिकडे नोंद नाही. पाळीव प्राण्याने स्वतःच्या घरात केलेली नासधूसही तिथे वगळलेलीच, पण पाळलेला कुत्रा दुसऱ्याला चावला तर तीच पॉलिसी बऱ्याचदा मदतीला धावते. कुत्र्याने सोफा फाडण्यापेक्षा पोस्टमन फाडलेला परवडतो.

आमच्याकडे कुत्रा नाही. बोका आहे, किंवा नाही, यावर मतभेद आहेत. तो ४०२ क्रमांकाच्या घरात झोपतो, आमच्या सोफ्याला नखं लावतो आणि दोन्हीकडे जेवतो. उंदराचा बंदोबस्त करेल या आशेने मी त्याला दूध सुरू केलं. त्याने उंदराला एकदा पाहिलं, उंदराने त्याला पाहिलं, आणि दोघांनी वेळा वाटून घेतल्या. सोफ्याचं कापड लोंबायला लागल्यावर मी ४०२ वाल्यांकडे विषय काढणार होतो. बायकोने अडवलं. “उगाच भांडण नको. पण तो आपला नाही हे लक्षात ठेवा. तो आपल्याकडे फक्त जेवायला येतो.”

यंदा गणपतीला गावी गेलो होतो. परत येऊन दार उघडलं तर उंबऱ्यावरून पाणी बाहेर आलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाण्याच्या फिल्टरची जी पांढरी बारीक नळी असते, ती कुरतडलेली. पाणी बारीक धारेने पण अखंड वाहिलं होतं. ओट्याखालची कपाटं, दिवाणखान्यातलं शोकेस, पलंगाचे खण, झाडून सगळं प्लायवूड पुरीसारखं फुगलं होतं. बायको कपाळाला हात लावून उभी राहिली. माझ्या मनात मात्र, आता लपवण्यात अर्थ नाही, आनंदाची एक बारीक लहर येऊन गेली. पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि नळ्या फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान यादीत आहे. आमच्या उंदराने अखेर अक्याब गाठलं होतं.

सर्व्हेयर तरुण होता. त्याने मोबाइलवर फोटो काढले, टेप लावून कपाटं मोजली, मग नळी उजेडात धरून तिच्यावरचे दात पाहिले.

“फुटली की कुरतडली?”

मी तयारीतच होतो. थेट कारण म्हणजे काय, १८८७ चा निकाल, उंदीर वेगळा आणि पाणी वेगळं, तांदूळ कसा नासला, हे सगळं त्याला उभ्या उभ्या सांगितलं. तो आदराने ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, “अक्याब म्हणजे फिल्टरची कंपनी का, साहेब?”

मी पुन्हा ब्रह्मदेशापासून सुरुवात करणार होतो, पण त्याने हात वर केला. लिहायला भरपूर झालं, म्हणाला. अर्जाचे रकाने एकेक भरले. तारीख आली, वेळ आली. ती मी ‘रात्रीची’ अशी सांगितली. मग त्याने पेन थांबवलं.

“प्राणी विमेदाराच्या मालकीचा नाही ना?”

प्रश्न कायद्याचा होता आणि मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली.

“छे हो,” ती म्हणाली. “तो ४०२ वाल्यांचा. आमच्याकडे फक्त जेवायला येतो.”

सर्व्हेयरने ते लिहून घेतलं.