निवांतपणाचं गोंगाटी गोत्र

लॅटिनमध्ये 'क्विएस' म्हणजे विसावा. त्यावरून निवांत तो 'क्विएतुस', आणि त्याचा इंग्रजी वारस 'क्वाएट'. एवढ्या शांत शब्दाचे नातेवाईकही गरीब स्वभावाचे असतील, असं वाटतं खरं.

मध्ययुगीन इंग्लंडात राजाच्या खजिन्याचा हिशेब कुणी चुकता केला, की कारकून लॅटिनमध्ये शेरा मारी : 'क्विएतुस एस्त', हा मोकळा झाला. देणं फिटल्याशिवाय झोप लागत नाही, हे त्या कारकुनाला भल्याभल्या योग्यांपेक्षा नीट कळलं होतं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटनं तोच शब्द मरणासाठी वापरला. पण तो राजपुत्र, त्याला थोडेच हप्ते भरायचे होते! या सुटकेतूनच 'क्विट' आला. पुरता सुटला तो 'क्वाइट'. म्हणजे 'क्वाएट' आणि 'क्वाइट' यांच्या स्पेलिंगांत गफलत करणारी पोरं फक्त भावाभावांत घोटाळा करत होती. पुढे २०२२च्या सुमारास 'क्वाएट क्विटिंग'चा बोलबाला झाला. राजीनामा द्यायचा नाही, नेमून दिलेलं काम तेवढं करायचं आणि वेळ संपली की घरी जायचं. एकच शब्द दोनदा वापरून केलेला हा शोध. आपल्याकडे याला पूर्वी नोकरी म्हणत.

'रेक्विएम' ही मृतांच्या विसाव्याची प्रार्थना. संगीतकार वेर्दीची रेक्विएम १८७४ साली मिलानमध्ये पहिल्यांदा झाली. तिच्यात अंतिम न्यायाचा दिवस उगवतो तेव्हा मोठ्या ढोलाचे असे दणके बसतात, की विसावा घेणाऱ्याची धडगत नाही. त्या दिवशी मेलेल्यांना उठवायचंच असतं म्हणा!

सगळ्यात लांबची शाखा इराणात. 'क्विएस'च्याच मुळापासून जुन्या फारसीत 'शियाति' झाला, म्हणजे सुख. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर सम्राट दारियसनं कोरून ठेवलंय : अहुरमज्दानं पृथ्वी निर्माण केली, आकाश निर्माण केलं, माणूस निर्माण केला आणि माणसासाठी सुखही. पुढे त्याचंच 'शाद' झालं आणि 'शाद'वरून 'शादी'. शांततेची चुलत बहीण लग्न! बँडवाल्यांच्या कानावर हे न गेलेलं बरं. नाही तरी त्यांना ऐकू येणार नाही. 'शाद बाश', म्हणजे आनंदात राहा, याचंच आपण 'शाबास' केलं. तेव्हा कुस्ती चितपट झाली की आखाड्याभोवतीचा अख्खा गाव गळ्याच्या शिरा ताणून 'शाबास!' ओरडतो, तो मुळात पैलवानाला जरा निवांत हो असंच सांगत असतो.